खुर्च्या दोन मागा

पत्राचा सारांश: पत्र लिहिणाऱ्या बाई ७४ वर्षांच्या आहेत, त्यांचे पती ७९ वर्षांचे. दोन वर्षांपूर्वी पतींना पक्षाघात झाला. उजवी बाजू अजून दुबळी आहे. काठी घेऊन घरातल्या घरात चालतात, पायऱ्या मात्र चढता येत नाहीत. बोलणं सावकाश झालंय, समज पहिल्यासारखीच लख्ख आहे. गेल्या वर्षी दोघं मुलीकडे अमेरिकेला गेले. दोन विमानं, मध्ये एक थांबा, दुसरं विमान चौदा तासांचं. तिकीट मुलीने ऑनलाइन काढलं आणि वडिलांच्या नावापुढे ‘व्हीलचेअर’वर खूण केली.

मधल्या विमानतळावर खुर्ची ढकलणाऱ्या माणसाने दोघांना एका कोपऱ्यात बसवलं, ‘आलोच’ म्हणाला आणि अडीच तास आला नाही. ती खुर्ची बसणाऱ्याला स्वतः हलवता येण्यासारखी नव्हती. ‘हे चालतात का, यांना काय झालंय,’ असे सगळे प्रश्न लोकांनी बाईंना विचारले, पतींना एकही नाही. विमानात स्वच्छतागृहापर्यंत न्यायला मदत मागितली, तर ‘आम्ही प्रवाशांना उचलत नाही’ असं उत्तर मिळालं. बाईंनी एकटीने त्यांना दोनदा नेलं. तिसऱ्यांदा उशीर झाला, कपडे खराब झाले. त्यानंतरचे सात-आठ तास त्यांनी पतींना पाणी जवळजवळ दिलंच नाही. उतरल्यावर दुसऱ्या दिवशी पती असंबद्ध बोलू लागले. अंगातलं पाणी कमी झालंय, असं डॉक्टरांनी सांगितलं. तीन दिवसांत ते सावरले.

आता मुलगी पुन्हा बोलावते आहे. पतींना जायचं आहे, बाईंना नाही. त्या विचारतात, ‘या वयात हा हट्ट बरा नव्हे, हे त्यांना कसं समजावू? आणि आमच्यासारख्यांचं ओझं विमान कंपन्यांनी तरी किती वाहायचं?’

ताई,

‘मी त्यांना पाणी दिलं नाही’ हे वाक्य तुमच्या पत्रात दोनदा आलंय. एकदा प्रसंग सांगताना, आणि एकदा अगदी शेवटी, सहीच्या वर, मागचा-पुढचा काही संबंध नसताना. बाकीच्या तक्रारी इतरांबद्दल आहेत. ही एकच तुमची स्वतःबद्दलची आहे, आणि वर्षभर ती तुम्ही मनात बाळगली आहे. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

विमानातली हवा फार कोरडी असते, आर्द्रता साधारण १० ते २० टक्के. आतला दाबही जमिनीवरच्यासारखा नसतो. १८०० ते २४०० मीटर उंचीच्या डोंगरावर बसल्यासारखी शरीराची अवस्था असते. अशा हवेत चौदा तास काढायचे, त्यात वय झालं की तहानेची जाणीवच मंदावते. त्यामुळे पाणी तोडणं धोक्याचं होतं, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. पण तुमच्यापुढे दुसराही धोका होता. आपल्याहून जड माणसाला अंगावर तोलून, हलत्या विमानात, दोन हात रुंदीच्याही नसलेल्या वाटेतून तुम्ही नेत होता. दोघं पडला असता तर? मदत करायला कुणी नाही म्हटल्यावर तुम्हाला या दोन धोक्यांतला एक निवडावा लागला. लांबच्या प्रवासाला निघणारे कितीतरी वृद्ध आणि अपंग प्रवासी आदल्या दिवसापासूनच पाणी कमी करतात. त्यांना पाण्याचं महत्त्व कळत नाही असं नाही. स्वच्छतागृहापर्यंत पोचवेल असं कुणी भेटेल, ही खात्री त्यांना नसते. ती खात्री देणं तुमचं काम नव्हतं, ताई. ज्यांचं होतं, त्यांच्याकडून ते कसं सुटलं ते आता पाहू.

मुलीने खूण केलेल्या त्या चौकोनापासूनच घोळ सुरू होतो. आपल्याला व्हीलचेअर म्हणजे व्हीलचेअर एवढंच माहीत असतं. विमान कंपन्या मात्र तिचे तीन प्रकार करतात आणि प्रत्येकाला एक संकेत देतात. डब्ल्यूसीएचआर म्हणजे विमानतळावरचं लांब अंतर चालवत नाही, पण जिना चढता येतो आणि विमानात स्वतःच्या पायांनी जागेवर जाता येतं. डब्ल्यूसीएचएस म्हणजे जिनाही चढता येत नाही, विमानात मात्र चालता येतं. डब्ल्यूसीएचसी म्हणजे विमानातल्या खुर्चीपर्यंत आणि तिथून स्वच्छतागृहापर्यंतही मदतीशिवाय जाता येत नाही. जास्त तपशील न देता नुसती खूण केली की अनेकदा पहिला, सगळ्यांत सौम्य प्रकार नोंदला जातो. तुमच्या यजमानांच्या बाबतीत तसंच झालं असावं. विमानातल्या कर्मचाऱ्यांच्या यादीत त्यांच्या नावापुढे ‘जिना चढू शकतात, आत चालू शकतात’ अशा अर्थाची तीन-चार अक्षरं असणार. तुम्ही मदत मागितलीत तेव्हा त्यांच्या लेखी हे प्रवासी चालते होते.

यात तुमच्या मुलीची चूक नाही. तिकिटाच्या पानावर हे तीन प्रकार समजतील अशा भाषेत लिहायला हवेत, आणि बऱ्याच ठिकाणी ते नसतात. पण पुढच्या वेळी कुठे बोट ठेवायचं, हे यावरून कळतं. तुम्ही वर्णन केलंय तशी प्रकृती असेल तर नोंद तिसऱ्या प्रकाराची व्हायला हवी. निदान दुसरा प्रकार आणि त्यासोबत ‘विमानात स्वच्छतागृहापर्यंत मदत लागेल’ असं स्पष्ट शब्दांत लिहिलेलं हवं.

आता ‘आम्ही उचलत नाही’ या उत्तराकडे वळू. ते उत्तर अर्धं खरं होतं, म्हणूनच तुम्ही निरुत्तर झालात. अमेरिकेत १९८६ साली अपंग प्रवाशांसाठी एअर कॅरियर अ‍ॅक्सेस अ‍ॅक्ट हा कायदा झाला. २००९ पासून त्याचे नियम अमेरिकेला जाणाऱ्या-येणाऱ्या परदेशी कंपन्यांच्या विमानांनाही लागू आहेत. त्यानुसार कर्मचाऱ्यांनी प्रवाशाला हातांनी उचलून न्यावं अशी सक्ती नाही. स्वच्छतागृहाच्या आत मदत करणं, घास भरवणं, औषध टोचणं हेही त्यांचं काम नाही. पण जो प्रवासी थोडंफार चालू शकतो त्याला आधार देऊन स्वच्छतागृहापर्यंत नेणं आणि परत आणणं, हे त्यांचं काम आहे. ज्याला चालता येत नाही त्याला विमानातल्या अरुंद चाकाच्या खुर्चीतून नेणं, हेही त्यांचंच काम. ती खुर्ची घडी करून ठेवलेली असते आणि आइलमधून, म्हणजे सीटांच्या रांगांमधल्या वाटेतून, जाईल एवढीच रुंद असते. तिला ऑनबोर्ड व्हीलचेअर म्हणतात. काही जण आइल चेअर म्हणतात. तिचं नाव घेऊन मागितलीत तर ‘आम्ही उचलत नाही’ हे उत्तर तिथे चालणार नाही, कारण उचलायचा प्रश्नच उरत नाही. जेवणाच्या ट्रेवरची पाकिटं, झाकणं उघडून देणं हेही नियमात आहे. एका हाताने ती उघडणं किती कठीण असतं ते तुम्ही पाहिलंच असेल.

मधल्या विमानतळावरचे अडीच तास मला सगळ्यांत जास्त खुपले. ज्या खुर्चीतून प्रवाशाला स्वतः हलता येत नाही, अशा खुर्चीत त्याला ३० मिनिटांहून जास्त वेळ एकटं सोडायचं नाही, असं अमेरिकेचा नियम सांगतो. पुढे त्यात आणखी एक गोष्ट आहे. सोबत नातेवाईक असला तरीही सोडायचं नाही. प्रवाशाने स्वतः ‘चालेल, तुम्ही जा’ म्हटलं तरच. वाटेत स्वच्छतागृह लागलं आणि प्रवाशाने सांगितलं तर तिथे थांबलंही पाहिजे. युरोपात २००६ चा ११०७ क्रमांकाचा नियम आहे. तिथे विमानतळावरच्या मदतीची जबाबदारी विमानतळाची असते, स्वच्छतागृहापर्यंत नेणं त्यात धरलेलं आहे आणि यासाठी प्रवाशाकडून एक पैसाही घेता येत नाही. भारतातही नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे नियम ही मदत विनामूल्यच ठरवतात. म्हणजे प्रवासाच्या प्रत्येक टप्प्यावर नियम बदलतो, राबवणारी यंत्रणाही बदलते. खुर्ची ढकलणारा माणूस बहुधा कंत्राटी असतो आणि एका वेळी त्याच्याकडे तीन-चार खुर्च्या असतात. मी त्याला निर्दय म्हणणार नाही. माणसं कमी ठेवून त्याला पळवणाऱ्या व्यवस्थेला मात्र नक्की म्हणेन.

‘सोबत नातेवाईक असला तरीही’ हे शब्द पुन्हा वाचा, ताई. गेल्या प्रवासात तुम्हाला प्रवासी म्हणून कुणीच मोजलं नाही. कंपनीने ‘सोबत बायको आहे’ म्हणून सोडून दिलं, विमानतळाने सोडून दिलं, मुलीने तिकीट काढताना तुमच्या नावापुढे काहीच लिहिलं नाही. आणि तुम्हीही स्वतःला मोजलं नाहीत. तुमचं पत्र हाताने लिहिलेलं आहे. दुसऱ्या पानावर एक ओळ तुम्ही खोडली आहे, पण ती वाचता येते: ‘माझे गुडघे तर केव्हाच गेलेत, पण ते असो.’ ते असो का म्हणून? ७४ वर्षांच्या, गुडघे गेलेल्या बाईने चौदा तास एका माणसाला तोलून धरायचं, हे कुठल्या नियमात बसतं? तुमच्या पत्रात मूळ प्रश्न या खोडलेल्या ओळीत आहे, असं मला वाटतं. तुमच्या यजमानांचं वय किंवा त्यांचा हट्ट हे पुढचं.

म्हणून पहिली मागणी दोन खुर्च्यांची करा. तुमच्यासाठी पहिल्या प्रकारातली, त्यांच्यासाठी तिसऱ्या. ‘मला कशाला, मी चालेन’ असं तुमच्या ओठावर येईल, हे मला कळतंय. मोठ्या विमानतळांवर एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत किलोमीटरभर चाल सहज होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबई विमानतळावर काय झालं ते वाचून तुम्हाला त्रास होईल, तरी सांगते. न्यूयॉर्कहून आलेल्या एका वृद्ध जोडप्याने खुर्च्या मागितल्या होत्या, हाताशी एकच होती. दुसरी येईपर्यंत थांबा असं सांगण्यात आलं. पत्नी खुर्चीत बसली आणि ८० वर्षांचे पती थांबण्याऐवजी तिच्याबरोबर चालत निघाले. चालताना ते कोसळले आणि गेले. महासंचालनालयाने विमान कंपनीला ३० लाख रुपयांचा दंड केला. बायको पुढे जातेय आणि आपण मागे एकटं बसायचं, हे त्या गृहस्थांना नको वाटलं असेल. कुणाला हवं वाटेल? तुमच्या बाबतीत चालत निघणारं माणूस तुम्ही असाल. तेव्हा दोन्ही खुर्च्या समोर दिसल्याशिवाय विमानाच्या दारातून हलू नका. दुसरी येईपर्यंत विमानातच बसून राहायचं, हे दोघांनी आधीच ठरवून ठेवा. सगळे उतरल्यावर शेवटी तुम्हाला उतरवतात, त्यामुळे तेवढ्याने काही बिघडत नाही.

‘ओझं किती वाहायचं’ या तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला सरळ द्यायचं आहे. युरोपातल्या विमानतळांना या मदतीचा खर्च तिथून उडणाऱ्या सगळ्या कंपन्यांकडून घेता येतो, सगळ्या प्रवाशांवर तो वाटला जातो. धडधाकट माणसाच्या तिकिटातही तो असतो. कारण धडधाकट माणूस आज ना उद्या म्हातारा होतो, त्याचा पाय मोडतो, त्याला झटका येतो. ही सोय सगळ्यांची आहे, ती वापरायची वेळ फक्त वेगवेगळी येते. तुम्ही कुणाचे उपकार मागत नाही आहात. ‘प्लीज, जमलं तर’ असं म्हणण्याची सवय आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांना लागलेली आहे, विशेषतः बायकांना. विमानात ती घरी ठेवून जा. ‘यांना ऑनबोर्ड व्हीलचेअर हवी आहे’ असं शांतपणे म्हणायचं, आणि नकार मिळाला तर मुख्य कर्मचाऱ्याला बोलवायला सांगायचं. अमेरिकेशी जोडलेल्या विमानसेवेत तर कंपनीला अशा तक्रारी तिथल्या तिथे सोडवणारा एक अधिकारी नेमावाच लागतो. ‘कंप्लेंट्स रिझोल्यूशन ऑफिशियल’शी बोलायचं आहे, एवढं वाक्य मुलीकडून पाठ करून घ्या.

आता यजमानांबद्दल. इथे मी थोडं बोचेल असं बोलणार आहे.

‘सगळे प्रश्न मलाच विचारले, त्यांना एकही नाही,’ असं तुम्ही रागाने लिहिलंय, आणि तो राग रास्त आहे. पण मग तुम्ही मला विचारता, त्यांना कसं समजावू? त्यांचं म्हणणं पत्रात एका शब्दात आलंय: हट्ट. त्यांना का जायचंय, गेल्या वेळचं त्यांना काय आठवतं, कशाची लाज वाटली, कशाची भीती वाटते, यातलं काहीच नाही. त्यांची समज लख्ख आहे असं तुम्हीच सांगता. कपडे त्यांचे खराब झाले होते, तहानेने ते भ्रमले होते, आणि तरी त्यांना जायचंय. मला तर यात मोठं धैर्य दिसतं. कदाचित त्यांना प्रसंगाचं गांभीर्य कळलं नसेल, असंही असेल. विचारल्याशिवाय कळणार कसं?

माझ्या वडिलांना घेऊन मी असाच एक लांबचा प्रवास केला होता. त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून प्रत्येक खिडकीपाशी मी पुढे होऊन उत्तरं दिली. वेळ वाचतो, त्यांना त्रास नको, असं मला वाटत होतं. घरी पोचल्यावर ते म्हणाले, ‘माझं नाव तरी मला सांगू द्यायचंस.’ त्यानंतर मी एक पाऊल मागे उभी राहायला शिकले. तुम्हालाही तेच सुचवेन. कुणी ‘हे चालतात का’ विचारलं तर ‘त्यांनाच विचारा, थोडा वेळ द्या’ एवढंच म्हणा. बोलताना ते अडत असतील तर छोटी कार्डं करा: ‘मला सगळं समजतं, बोलायला वेळ लागतो.’ दुसऱ्यावर ‘मला स्वच्छतागृहाला जायचं आहे.’ कार्ड त्यांनीच, डाव्या हाताने, दाखवायचं.

स्मरणशक्ती कमी झालेल्या किंवा वरून न दिसणारा त्रास असलेल्या माणसाला नेणाऱ्या वाचकांसाठी इथेच सांगते: गळ्यात सूर्यफुलाचं चित्र असलेली हिरवी पट्टी घालायची पद्धत २०१६ मध्ये लंडनच्या गॅटविक विमानतळावर सुरू झाली आणि आता पुष्कळ देशांतले विमानतळ ती ओळखतात.

जायचं की नाही, याची उत्तरं मला चार दिसतात. न जाणं हे त्यातलं एक. मुलीने यावं, हे सरळ आहे आणि त्यात कमीपणा नाही. पण ते दोघांनी मिळून ठरवलेलं असावं. तुम्ही एकटीने जाणं हे दुसरं. ते तुम्ही स्वतःच करणार नाही, पत्रावरून मला तेवढं कळतं. तिसरं म्हणजे सोबत तिसरं माणूस नेणं. मुलगी किंवा जावई एका बाजूचा प्रवास करू शकत असतील, तर माझं मत याच बाजूने आहे. खर्च वाढतो, पण एका तरुण माणसाच्या आधाराने तुमचा अर्धा प्रवास सुसह्य होतो आणि तुम्हाला दोन तास झोप मिळते. चौथं, दोघांनीच जाणं, पण नीट तयारी करून. गेल्या वेळेइतकी वाईट गत मग होणार नाही. तरी तुमचे गुडघे पाहता मी याला तिसऱ्या क्रमांकाच्या पर्यायाखालीच ठेवेन.

एक गोष्ट लक्षात असू द्या. प्रवाशाला सुरक्षिततेच्या सूचना समजत नसतील, किंवा संकटात बाहेर पडायला तो काहीच हालचाल करू शकत नसेल, तर कंपनी सोबत माणूस असण्याची अट घालू शकते. तशी अट घातली, तर ‘हे काम ७४ वर्षांची पत्नी करेल’ असं गृहीत धरू देऊ नका.

प्रकृतीचं म्हणाल, तर निघण्याच्या महिनाभर आधी डॉक्टरांकडे दोघंही जा. दोघंही. झटक्याला दोन वर्षं झाली आहेत, प्रकृती स्थिर आहे, त्यामुळे नुसत्या त्या कारणाने विमान वर्ज्य ठरू नये. पण हृदय, फुप्फुसं आणि रक्तातला प्राणवायू तपासूनच ते सांगतील. लघवीची किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर प्रवासाच्या दिवशी ती कधी घ्यायची, हे स्पष्ट विचारा. आपल्या मनाने एकही बंद करू नका. पायात गुठळी होण्याची भीती पुष्कळांना असते. चार तासांहून लांबच्या विमानप्रवासात निरोगी माणसाला तो धोका साधारण ६००० त एक इतका असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात आढळलं होतं. तुमच्या यजमानांना तो जास्त असणार, कारण एक पाय फारसा हलत नाही. घट्ट मोजे घालायचे की नाही, हे डॉक्टरांनी ठरवायचं. कंपनीने मेडिफ नावाचा वैद्यकीय अर्ज मागितला तर घाबरू नका. तो डॉक्टरांनी भरून द्यायचा असतो. नुसती चाकाची खुर्ची लागते म्हणून तो सहसा लागत नाही.

सगळी औषधं हातातल्या पिशवीत ठेवा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर ते सामानात कधीच टाकू नये, तिथे ते गोठू शकतं.

तिकीट काढताना मधल्या थांब्याला निदान तीन तास द्या. शेवटी उतरणाऱ्या माणसाला दीड तासाचं पुढचं विमान गाठता येत नाही. थांबाच नको, एकच लांब विमान बरं, असं मुलगी म्हणेल. तुमच्या बाबतीत मला ते पटत नाही. मध्ये एक रात्र विश्रांती मिळत असेल तर ती घ्या. नीट आडवं होऊन झोपणं आणि मोठ्या, स्थिर स्वच्छतागृहात जाणं याला पर्याय नाही. जागा मोठ्या स्वच्छतागृहाजवळची मागा. दोन आइल असलेल्या नव्या विमानांत निदान एक स्वच्छतागृह चाकाच्या खुर्चीसाठी रुंद केलेलं असतं, ते पुढे आहे की मागे, हे आधीच विचारून ठेवा. आइलच्या बाजूचा हात वर उचलता येईल अशीच सीट हवी. तो उचलला की खुर्चीतून खुर्चीत सरकता येतं, कुणाला उचलावं लागत नाही.

मागणी निघण्याच्या ४८ तास आधी कंपनीकडे पोचलेली असली पाहिजे, बहुतेक नियमांत हीच मुदत आहे. फोनवर सांगा, पण लेखी उत्तर मिळवा. मुलीने साधारण असं लिहावं: ‘प्रवासी १, वय ७९, उजवी बाजू दुबळी, पायऱ्या चढता येत नाहीत, विमानात दोन-चार पावलं आधाराने. डब्ल्यूसीएचसी नोंद हवी. स्वच्छतागृहापर्यंत ऑनबोर्ड व्हीलचेअर आणि कर्मचाऱ्यांची मदत लागेल. समज पूर्ण आहे, बोलणं सावकाश आहे, त्यांच्याशीच बोलावं. प्रवासी २, वय ७४, गुडघ्यांचा आजार, डब्ल्यूसीएचआर नोंद हवी. प्रवासी २ ही प्रवासी १ ची मदतनीस नाही.’ शेवटचं वाक्य गाळू नका. या मजकुराच्या चार प्रती छापून पर्समध्ये ठेवा. तिकिटाच्या खिडकीवर एक, विमानाच्या दारात एक, मधल्या विमानतळावर एक, दुसऱ्या विमानात एक. कर्मचारी बदलत राहतात, कागद तोच राहतो.

आणि पाणी. आडपडदा न ठेवता बोलूया, कारण हे न बोलल्यानेच गेल्या वेळी एवढं झालं. पुरुषांसाठी लघवीची झाकणाची बाटली मिळते, ती आणि शाल जवळ ठेवा. चांगल्या प्रतीचे शोषक डायपर दोन-तीन सोबत घ्या. ते वापरायचे की नाही, हे यजमानांना विचारा. घालायला लावू नका. कपड्यांचे दोन जोड हाताच्या पिशवीत. जेवणाच्या गाड्या निघाल्या की आइल अर्धा-पाऊण तास अडतो, म्हणून त्या निघायच्या आधीच जाऊन यायचं. विमान उतरायला लागलं की पट्ट्या बांधायची खूण लागते, त्याच्याही आधी एकदा. या दोन वेळा ठरलेल्या असल्या की मध्ये दर तासाला थोडं-थोडं पाणी निर्धास्त देता येतं. तुम्हीही प्या. गेल्या वेळी तुम्ही किती प्यायलात, हे पत्रात कुठेच नाही.

स्वतःची व्हीलचेअर नेणार असाल तर ती विमानाच्या दारापर्यंत वापरा आणि उतरल्यावर दारातच परत मागा. डाव्या हाताने चालवता येईल अशी असेल तर अडीच तास कोपऱ्यात अडकायची वेळच येणार नाही. देण्याआधी तिचे चारी बाजूंनी फोटो काढा. १९९९ च्या मॉन्ट्रियल करारानुसार मोडतोडीची लेखी तक्रार सात दिवसांत करावी लागते. या करारात खुर्ची सामानातच धरतात, आणि भरपाईची मर्यादा डिसेंबर २०२४ पासून १५१९ एसडीआर, म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या हिशेबी एककात, एवढीच आहे. महागडी विद्युत खुर्ची वापरणाऱ्या वाचकांनी प्रवासाआधी तिचं मूल्य कंपनीकडे लेखी जाहीर करून मर्यादा वाढवून घ्यावी. कुणाचे पाय असलेली वस्तू सामानाच्या भावाने मोजणं मला अन्यायाचं वाटतं, पण आज करार तसा आहे.

गेल्या वर्षीच्या प्रवासाची तक्रार करून काय होणार, असं तुम्हाला वाटत असेल. भरपाई मिळेलच असं नाही, हे खरं. तरीही विमानाचा क्रमांक, तारीख आणि अंदाजे वेळा घालून एक पानाचं पत्र कंपनीला पाठवा. पुढच्या वेळी मात्र घटना घडली त्याच दिवशी वेळेसह लिहून ठेवा आणि आठवड्याच्या आत पाठवा. दंड होतात ते कुणीतरी लिहिलं म्हणूनच.

तिकिटाचं मुलीला एवढ्यात काही कळवू नका. आधी यजमानांजवळ बसा आणि दोन गोष्टी विचारा: गेल्या वेळी सगळ्यांत वाईट काय वाटलं, आणि यावेळी काय वेगळं असलं तर जायचं? उत्तर द्यायला त्यांना वेळ लागेल. तो द्या, वाक्य तुम्ही पूर्ण करू नका. त्यांचं सांगून झालं की ती खोडलेली ओळ त्यांना वाचून दाखवा.